मॅनेज्ड डेटाबेस, क्लाउडवरील

क्लाउड कंपनीच्या यंत्रांवर चालणारा डेटाबेस. यंत्राची देखभाल, पॅच आणि नेमून दिलेले बॅकअप कंपनी सांभाळते. ॲमेझॉनची आरडीएस ही सेवा २००९ मध्ये मायएसक्यूएलसह सुरू झाली, पोस्टग्रेस तीत २०१३ मध्ये आले. बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर विप्रोचे मुख्यालय आहे आणि परिसरात सॉफ्टवेअर कंपन्यांची दाटी. क्लाउडवरील त्यांचा डेटा मात्र बऱ्याचदा महाराष्ट्रात असतो. मायक्रोसॉफ्टचे पुण्याचे रीजन (डेटा सेंटरांचा समूह) २०१५ मध्ये, ॲमेझॉनचे मुंबईचे २०१६ मध्ये, तर गूगलचे मुंबईचे २०१७ मध्ये सुरू झाले.

रचना : चर्चा बहुतेक यंत्र किती मोठे घ्यायचे यावरच होते. वास्तविक, आकार मागाहून थोड्या मिनिटांच्या खंडात बदलता येतो. म्हणून जे सहज बदलत नाही ते आधी ठरवावे. त्यात पहिले रीजन. मुंबई-बंगळुरू हवाई अंतर सुमारे ८५० किमी. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो, म्हणजे जाऊन येण्यास निदान साडेआठ मिलिसेकंद. ॲप्लिकेशन एका शहरात, डेटाबेस दुसऱ्यात आणि एका पानासाठी ॲप्लिकेशन एकामागून एक ५० क्वेरी करत असेल, तर सव्वाचारशे मिलिसेकंद वाटेतच गेले. ॲप्लिकेशन मुंबईच्या रीजनमध्ये आणि ग्राहक बंगळुरूत असेल, तर डेटाबेस बंगळुरूतच का ठेवू नये? कारण ग्राहकाची विनंती ती वाट एकदाच चालते, ॲप्लिकेशन पन्नासदा. डेटाबेस ॲप्लिकेशनच्या शेजारी हवा, ग्राहकाच्या किंवा डेव्हलपरच्या नव्हे. पेमेंट कंपन्यांना सिंगापूरचा पर्यायही उरलेला नाही : रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार पेमेंटचा डेटा भारतातच साठवावा लागतो.

दुसरे एन्क्रिप्शन. आरडीएसवर ते डेटाबेस उभारतानाच चालू करावे लागते. राहून गेल्यास स्नॅपशॉटची एन्क्रिप्टेड प्रत काढून तीवरून नवा डेटाबेस उभारण्यावाचून गत्यंतर नाही. यावर आक्षेप असा की स्थलांतराच्या साधनांमुळे आता काहीच कायमचे राहिलेले नाही. साधने आहेत हे खरे, पण ती डेटा हलवतात; पत्ते, परवानग्या आणि चाचण्या पुन्हा माणसांनाच कराव्या लागतात. बॅकअपचेही तसेच. तो ३५ दिवसांपर्यंत ठेवता येतो, मुदत शून्य केली की स्वयंचलित बॅकअप बंद. रिस्टोअर केल्यावर जुना डेटाबेस मागे जात नाही, नव्या पत्त्याचा दुसराच तयार होतो. ॲप्लिकेशनमधला पत्ता कोण आणि कुठे बदलणार हे लिहून ठेवले नसेल, तर बॅकअप असूनही सेवा बंदच राहते. कंपनीने सांभाळायचे ते ती सांभाळते, हे निर्णय तिच्या कक्षेत येत नाहीत.

जोडण्या : पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००, आरडीएसवर ती मेमरीनुसार ठरते. आठ सर्व्हर, प्रत्येकाचा वीस जोडण्यांचा पूल, म्हणजे १६०. हा गुणाकार आधी करावा.

दर : रीजननुसार बदलतात, त्याच रीजनच्या दुसऱ्या झोनमधील (वेगळ्या डेटा सेंटरमधील) राखीव प्रतीचे पैसे वेगळे.