२१ एप्रिल १९९९ : मेटॅलिकाच्या गाण्यांना सिंफनीची साथ

कॅलिफोर्नियातील बर्कली कम्युनिटी थिएटरमध्ये आजच्या दिवशी 'मेटॅलिका' हा हेवी मेटल बँड आणि सॅन फ्रान्सिस्को सिंफनी हा वाद्यवृंद एका मंचावर आले. दुसऱ्या रात्रीही ही मैफल रंगली. संचालन संगीतकार मायकेल केमन यांचे होते. मेटॅलिकाच्या 'नथिंग एल्स मॅटर्स' या १९९१ मधील गाण्याचे वाद्यवृंद-संयोजनही त्यांनीच केले होते. मैफलीसाठी केमन यांनी बँडच्या गाण्यांवर वाद्यवृंदाची नवी रचना केली. व्हायोलिन, चेलो आणि ब्रास वाद्ये गिटारमागे नुसती सूर धरून राहिली नाहीत. त्यांना स्वतःच्या सुरावटी मिळाल्या. 'नो लीफ क्लोव्हर' आणि 'ह्यूमन' ही दोन नवी गाणीही येथे सादर झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'एस अँड एम' हा अल्बम आला आणि त्यातील 'द कॉल ऑफ क्टुलू'ला पुढे ग्रॅमी मिळाले.

'डीप पर्पल' या रॉक बँडने त्याआधी १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह हीच वाट चोखाळली होती. मेटलच्या कर्कश वाटणाऱ्या गाण्यांत सिंफनीला पेलणारी भक्कम रचना असते, हे बर्कलीतील मैफलीने ठामपणे दाखवून दिले.