बीएसडब्ल्यू : कर्जत-खालापूरच्या तरुणांसाठी
बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यांना ती करता येते. मुंबईचे निर्मला निकेतन महाविद्यालय १९५५ पासून समाजकार्य शिकवते. कर्जत-खोपोलीहून लोकलने सीएसएमटी गाठून तेथे जाता येते.

वर्गाइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला असते : वस्तीत जाणे, लोकांचे ऐकणे, नोंदी ठेवणे, पाठपुरावा करणे. वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबे, जुलै २०२३ मध्ये दरडीखाली गेलेली इरशाळवाडी, हे प्रश्न आपल्याच तालुक्यांतले आहेत. मदत वाटणे वेगळे, हक्क मिळवून देणे वेगळे. आपल्याला दुसरे शिकायचे आहे.

नवबौद्ध व अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांनी महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. दाखल्याअभावी प्रवेश हुकू नये, एवढेच आमचे सांगणे.