आरोग्याचा ग्रुप कधी जाळं बनतो? घरच्यांनी ओळखायच्या खुणा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, उपनगरात कुठेही राहा, सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर अशी निमंत्रणं येतच असतात: वजन कमी करा, शुगर आटोक्यात आणा, मनाला शांती मिळवा, पहिलं सत्र मोफत. यातले बहुतेक वर्ग साधे आणि उपयोगाचे असतात. व्यायाम, श्वासाचे प्रकार, खाण्यापिण्याची शिस्त यात वावगं काही नाही. आम्ही इथे लिहितोय ते थोड्या गटांबद्दल, जिथे इलाजाच्या नावाखाली माणसाचा पैसा जातो, घर तुटतं आणि शेवटी स्वतःचं मतही उरत नाही.

मुंबई-पुण्यातून ओरेगनपर्यंत

आपल्याच राज्यातलं सर्वात मोठं उदाहरण म्हणजे रजनीश, पुढे ज्यांना ओशो म्हटलं गेलं. १९७० मध्ये ते मुंबईत राहायला आले आणि त्याच वर्षी त्यांनी 'डायनॅमिक मेडिटेशन' सुरू केलं. जोरजोरात श्वास, ओरडणं, उड्या आणि मग शांतता. अनेकांना त्यातून हलकं वाटायचं. १९७४ मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात आश्रम झाला. पाश्चात्य देशांतले थेरपिस्ट आले, मानसोपचाराचे गट सुरू झाले. त्यातल्या काही गटांत 'मन मोकळं करा' म्हणता म्हणता मारहाण होऊ लागली. १९७९ च्या सुरुवातीला ही हिंसा थांबवल्याचं आश्रमालाच जाहीर करावं लागलं.

१९८१ मध्ये सगळा पसारा अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात गेला. सुमारे ६४,००० एकर जागेवर अनुयायांनी शहर वसवलं. १९८४ मध्ये स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदारांना घरीच बसवायचं, म्हणून तिथल्या काही प्रमुखांनी जवळच्या गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले. ७५१ माणसं आजारी पडली. रजनीशांची सचिव मा आनंद शीला हिला तुरुंगवास झाला. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं, असं रजनीशांचं म्हणणं होतं. इमिग्रेशनच्या गुन्ह्यात ४ लाख डॉलर दंड भरून १९८५ मध्ये त्यांना अमेरिका सोडावी लागली.

त्या गर्दीत डॉक्टर होते, वकील होते, मानसशास्त्र शिकलेले होते. म्हणून 'आपली मुलं शिकलेली आहेत, ती कशी फसतील?' या भरवशावर राहू नका. अमेरिकेतल्या 'नेक्झियम' या गटाची सुरुवातही १९९८ मध्ये व्यक्तिमत्त्व विकासाच्या कोर्सने झाली होती. पुढे त्यात बायकांच्या अंगावर डाग देण्यापर्यंत मजल गेली. त्याच्या प्रमुखाला २०२० मध्ये १२० वर्षांची शिक्षा झाली.

हे घडतं कसं?

कुणीही पंथात जायचं म्हणून जात नाही. जातो तो कंबरदुखीसाठी, टेन्शनसाठी, मूल होत नाही म्हणून. पहिल्या दिवशी त्याला खूप प्रेम मिळतं, त्याचं म्हणणं कुणीतरी नीट ऐकतं. थोडा फरकही पडतो. मग पुढचा कोर्स, जास्त फी. मग सर्वांसमोर आपली गुपितं सांगायची, जी पुढे दबावासाठी वापरली जातात. मग 'घरचे निगेटिव्ह आहेत, त्यांना काही सांगू नका.'

सर्वात पक्की गाठ असते ती वेगळीच. बरं वाटलं तर श्रेय गुरूचं, नाही वाटलं तर चूक तुमची: तुमचा विश्वास कमी पडला, अजून एक कोर्स करा. जिथे पद्धत कधीच चुकत नाही आणि चुकतो तो फक्त पेशंट, तिथून माणूस सहज बाहेर पडत नाही.

आपल्या घरातलंही बघू

हा प्रश्न एका धर्माचा नाही. रुकया, हिजामा, रूहानी इलाज अशी नावं लावूनही दुकानं चालतात. तमिळनाडूत एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खाजगी केंद्रात ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली. तिथल्या मानसिक रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं, त्यांना पळता आलं नाही. २८ जणांचा जीव गेला. त्यांना तिथे आणून सोडणारे त्यांचेच नातेवाईक होते, बरं होईल या आशेने.

दीन आपल्याला दुआ शिकवतो आणि इलाज करायलाही सांगतो. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर 'दवा आणि दुआ' हा उपक्रम याच विचाराने सुरू झाला. दुआ मागायला आलेल्यांना तिथे मानसोपचाराचे डॉक्टरही भेटतात. आणि एक साधी कसोटी लक्षात ठेवा: गैरमहरम बाईला एकटीला बंद खोलीत बसवणारा आमिल स्वतःच दीनची हद्द मोडतो. तिथूनच परत फिरा.

पाच प्रश्न विचारा

- चालू औषध बंद करायला सांगतात का? टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो.
- फी, पावती, शिकवणाऱ्याचं शिक्षण याची सरळ उत्तरं मिळतात का?
- घरचं माणूस सोबत बसू शकतं का?
- शंका काढणाऱ्याचा अपमान होतो का?
- सोडून गेलेल्यांबद्दल काय बोलतात? धमकी, शाप, बदनामीची भीती असेल तर समजून जा.

घरातलं कुणी अडकलं असेल तर

'तू मूर्ख आहेस' म्हणू नका. गट नेमकं हेच सांगून ठेवतो की घरचे असं म्हणतील. रोजचं बोलणं, जेवण, ईदचं बोलावणं चालू ठेवा. परतायचा रस्ता घरातून जातो. बँक खातं, कागदपत्रं, गट जी गुपितं धरून बसलाय त्यांची माहिती हळूहळू घ्या. पावत्या आणि मेसेज जपून ठेवा. 'लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसणं हीच अशा लोकांची सर्वात मोठी ढाल असते.

कायदाही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली. चार दिवसांनी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. चमत्काराचा दावा करून फसवणं, भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण, साप-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, अलौकिक शक्तीच्या नावाने लैंगिक शोषण, हे सगळं त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. नमाज, दुआ, जियारत, पूजा, वारी यांना हा कायदा हात लावत नाही, म्हणून तक्रार करताना दीनविरुद्ध काही करतोय असं वाटून घेऊ नका.

पोलिसांसाठी ११२, महिलांसाठी १८१, ऑनलाइन पैसे गेले तर १९३०, ग्राहक तक्रारीसाठी १९१५. मन खचलं असेल तर सरकारच्या टेलीमानसवर १४४१६ ला फोन करा, तो मोफत आहे. हे नंबर आजच घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.