गोदीची आग : १४ एप्रिल १९४४

स्मरणिकेसाठी लेख मागायला सेक्रेटरी घरी आले तेव्हा मी म्हटलं, "आठवणी सगळेच लिहितील, मी जरा इतिहास लिहिते." ते म्हणाले, "जरूर लिहा, पण आपल्याशी काही संबंध असू द्या." संबंध आहे, पुढे येईलच.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मस्जिद बंदरच्या चाळीत वाढले आणि पुढे गोदीतच टॅली क्लार्क म्हणून नोकरीला लागले. १९४४ साली ते नऊ वर्षांचे होते. १४ एप्रिलला, शुक्रवारी दुपारी, चाळ अशी हादरली की खिडक्यांच्या काचा फुटून ताटात पडल्या. सगळ्यांना वाटलं, जपानी आले! युद्धाचे दिवस, दुसरं काय वाटणार?

जपानी नव्हते. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज उभं होतं. फेब्रुवारीत ते इंग्लंडहून निघालं आणि कराची करून १२ एप्रिलला मुंबईत आलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, शिवाय ३१ पेट्यांत सोन्याच्या विटा. कराचीत रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, गंधक असा माल भरला. दोन नंबरच्या होल्डमध्ये तळाशी कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं! अण्णा हे सांगताना दर वेळी कपाळावर हात मारायचे. "आपल्याकडे किराणा दुकानदारसुद्धा रॉकेलशेजारी काडेपेट्या ठेवत नाही," म्हणायचे. स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो, तोही लावला नव्हता. आणि दोन दिवस झाले तरी ती उतरवून संपली नव्हती.

आता मुख्य गोष्ट. साडेबाराच्या सुमारास, जेवणाच्या सुट्टीत, आजूबाजूच्या जहाजांवरच्या लोकांना 'फोर्ट स्टिकीन'मधून धूर येताना दिसला. कुणी काही बोललं नाही. ज्याचं जहाज तो बघेल! जेवून आलेल्या कामगारांनी दोनच्या सुमारास ओरडा केला. बंबाला वर्दी गेली ती सव्वादोनच्या सुमारास, आणि तीही अशी की आधी दोनच बंब आले. पुढे आणखी आले, होज होल्डमध्ये सोडले, शेकडो टन पाणी ओतलं. पण पाण्याने जळता कापूस तरंगून वर वर, स्फोटकांच्या दिशेने सरकू लागला. जहाजाच्या पत्र्यावर एक जागा तापून रंग बदलू लागली. तिथे भोक पाडायला गॅस कटर आणला, तर तो चालेना.

धक्क्यावर मात्र जाणकारांची कमी नव्हती. दारूगोळ्याचा अधिकारी म्हणाला, जहाज बुडवा. गोदीचे व्यवस्थापक म्हणाले, ओढून बाहेर समुद्रात न्या. अग्निशमन दलाचे प्रमुख म्हणाले, पाणी मारत राहू, विझेल. कप्तान नेस्मिथ सगळ्यांचं ऐकत होता. शेवटचा शब्द कुणाचा, हेच ठरेना. त्यात वेळ गेला.

इथे जरा आपल्या घरी येते. तीन वर्षांपूर्वी बी विंगच्या मीटर रूममधून धूर आला होता, आठवतंय? ग्रुपवर "कुणाकडे काही जळतंय का?" असे पटापट मेसेज पडले. बंबाला फोन कुणीच केला नाही. शेवटी वॉचमनने मेन स्विच पाडला म्हणून निभावलं. तो वास माझ्या घरात सगळ्यांच्या आधी आला होता. मी खिडकी लावून घेतली होती.

तर, पावणेचारनंतर होल्डमधून ज्वाळा वर आल्या. ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज फुटलं. शेजारचं सुमारे चार हजार टनांचं 'जलपद्म' उचललं जाऊन धक्क्यावरच्या शेडवर जाऊन बसलं. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला, पहिल्याहून मोठा. जळता कापूस आणि तापलेलं लोखंड मांडवीच्या वखारींवर, चाळींवर पडलं. सोन्याच्या काही विटाही लांब उडाल्या. एक एका पारशी गृहस्थांच्या घरात पडली, ती त्यांनी सरकारला परत केली. गाळ उपसताना काही विटा १९७०च्या दशकातही सापडल्या.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. १३ जहाजं गेली. हजारो टन धान्य जळालं, तेही बंगालच्या दुष्काळाला वर्ष उलटतं आहे तोच. ८०,००० माणसं बेघर झाली. मेलेल्यांचा आकडा ८०० पासून १,३०० पर्यंत सांगतात. अण्णांच्या चाळीतला एक हमाल सकाळी डबा घेऊन गेला तो आलाच नाही, त्याचं नाव कुठल्या यादीत होतं की नाही कोण जाणे. सैगॉन रेडिओने दुसऱ्याच दिवशी सगळं जगाला सांगितलं, आपल्याकडे मात्र सेन्सॉरमुळे बातमीदारांना मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं.

चौकशी झाली. कापसाच्या गाठीतच आग लागली, बहुधा कुणीतरी टाकलेल्या सिगारेटने, असा निष्कर्ष निघाला. स्फोटकांखाली कापूस, नसलेला लाल बावटा, बंबाला उशिरा दिलेली वर्दी, या चुकांवर बोट ठेवलं गेलं.

अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. म्हणून १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो. आंबेडकर जयंतीची सुट्टी आपल्याला लक्षात असते, पण त्याच दिवशी भायखळ्याच्या केंद्रात या जवानांना मानवंदना देतात ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. अण्णा जमेल तेव्हा जाऊन बाहेर फुटपाथवर उभे राहायचे.

आणि सेक्रेटरीसाहेब, ए विंगच्या पहिल्या मजल्यावर जिन्याशी जो लाल सिलिंडर टांगला आहे, त्याची मुदत मागच्या दिवाळीतच संपली आहे. कालच चिठ्ठी वाचली. बाकी मजल्यांवरचे मी अजून पाहिले नाहीत, रविवारी पाहून ऑफिसात लिहून देते.