पुनरपराध

एकदा शिक्षा झालेल्या किंवा फौजदारी कारवाईला सामोऱ्या गेलेल्या व्यक्तीने पुन्हा गुन्हा करणे म्हणजे पुनरपराध होय. पोलिसांच्या व्यवहारात अशा व्यक्तीला ‘सराईत’ किंवा ‘अभिलेखावरील गुन्हेगार’, बोलीभाषेत ‘अट्टल’, तर कायद्याच्या मराठीत ‘सवयीचा गुन्हेगार’ म्हणतात. हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांचा अर्थ एक नाही. सवयीचा गुन्हेगार ठरण्यासाठी कायद्याने घालून दिलेल्या मुदतीत ठरावीक वेळा शिक्षा झालेली असावी लागते. सराईत ठरण्यासाठी ठाण्यातील नोंदी पुरतात, मग त्या खटल्यांचा निकाल लागलेला असो वा नसो. पुनरपराधाच्या सामाजिक किमतीचा विचार करताना या दोन अर्थांतील अंतर सतत लक्षात ठेवावे लागते, कारण त्या किमतीचा बराच भाग या अंतरातच जमा होतो.

पुनरपराधाचे मोजमाप तीन प्रकारे होते : सुटकेनंतर ठरावीक काळात पुन्हा अटक, पुन्हा दोषसिद्धी आणि पुन्हा बंदिवास. अमेरिकेतील 30 राज्यांतून 2005 मध्ये सुटलेल्या बंद्यांपैकी सुमारे 68 टक्क्यांना तीन वर्षांत, तर सुमारे 83 टक्क्यांना नऊ वर्षांत पुन्हा अटक झाली. नॉर्वेसंबंधी नेहमी सांगितला जाणारा सुमारे 20 टक्क्यांचा आकडा मात्र दोन वर्षांत पुन्हा शिक्षा झालेल्यांचा आहे. हे दोन आकडे शेजारी मांडून काढलेले निष्कर्ष लेखांतून आणि भाषणांतून वारंवार भेटतात. ते टिकणारे नाहीत. भारतात अडचण निराळी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत असलेल्या 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे, ‘कच्चे’ कैदी होते. जेथे पहिल्याच खटल्याचा निकाल वर्षानुवर्षे लागत नाही, तेथे शिक्षाधीन बंद्यांपैकी किती जणांना पूर्वी शिक्षा झाली होती हे मोजून काढलेला दर वास्तवापेक्षा कमी दिसणार, हे उघड आहे.

गुन्ह्याची किंमत मांडताना अर्थशास्त्रज्ञ तिचे तीन भाग करतात : गुन्हा होऊ नये म्हणून केलेला खर्च (जाळ्या, कॅमेरे, रखवालदार, विमा), गुन्ह्यामुळे झालेली हानी (गेलेली वस्तू, इजा, बुडालेले काम, बसलेली भीती) आणि गुन्ह्यानंतर शासनाला करावा लागणारा खर्च (पोलीस, न्यायालय, तुरुंग). या पद्धतीने इंग्लंड व वेल्समधील न्याय मंत्रालयाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील पुनरपराधाची वार्षिक किंमत 18.1 अब्ज पौंड काढली. त्यासाठी 2016 मध्ये शिक्षा झालेल्या वा सुटलेल्या गटाने पुढील बारा महिन्यांत केलेले गुन्हे हिशेबात धरले होते.

असा ताळेबंद कितीही काटेकोर असला, तरी काही खर्च त्यात शिरत नाहीत. मुंबईच्या लोकलमध्ये मोबाइल चोरीला गेला, तर चोरीची किंमत म्हणून त्या मोबाइलचा भाव लिहिला जातो. फिर्याद देण्यात गेलेला दिवस, चोर पुढे सापडला तरी मुद्देमाल म्हणून ठाण्यात पडून राहिलेला मोबाइल, तो न्यायालयाच्या हुकमाने सुपूर्दनाम्यावर परत मिळवताना घातलेले हेलपाटे आणि साक्षीसाठी बोलावलेल्या पंचांची बुडालेली रोजंदारी कोणत्याही रकान्यात बसत नाही. आरोपीच्या घरचा खर्च तर हिशेबात येतच नाही. तुरुंगातील मुलाखतीच्या दिवशी पत्नीचा किंवा आईचा खाडा होतो, वकिलाची फी कर्ज काढून भरली जाते आणि जामीन मंजूर झाला तरी ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार शोधताना नातेवाइकांचे दार ठोठवावे लागते. दुसऱ्या अटकेच्या वेळी ही दारे बहुधा बंद झालेली असतात. अशा घरातील मुलाची शाळा सुटली, तर ती किंमत पुढच्या पिढीच्या खात्यावर चढते.

पुनरपराधाविषयीच्या आधुनिक विचारावर एका अभ्यासाचा विशेष प्रभाव आहे. फिलाडेल्फिया शहरात वाढलेल्या, 1945 मध्ये जन्मलेल्या 9,945 मुलांच्या वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच्या पोलीस नोंदी मार्विन वोल्फगँग, रॉबर्ट फिग्लिओ आणि थॉर्स्टन सेलिन यांनी तपासल्या. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांतील अवघ्या 627 मुलांकडे, म्हणजे सुमारे 6 टक्क्यांकडे, निम्म्याहून अधिक गुन्हे जात होते. मूठभर लोक बहुसंख्य गुन्हे करत असतील, तर त्यांना दीर्घकाळ कोंडून ठेवले की प्रश्न मिटेल, असा सरळ तर्क त्यावरून निघाला. तथापि, हे 627 जण अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मागे वळून मोजल्यामुळे ओळखता आले होते. कोणता मुलगा त्यांत मोडणार हे बाराव्या वर्षी सांगण्याचे साधन त्या अभ्यासाने दिले नाही. कॅलिफोर्नियाने 1994 मध्ये केलेल्या कायद्यानुसार आधीचे दोन गंभीर गुन्हे सिद्ध झालेल्या व्यक्तीला तिसऱ्या गुन्ह्यासाठी 25 वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा होऊ लागली. सुमारे 1,200 डॉलर किमतीच्या तीन गोल्फच्या काठ्या चोरणाऱ्याला झालेली अशी शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये वैधही ठरवली. गुन्हेगारीचे प्रमाण उमलत्या तारुण्यात सर्वाधिक असते आणि वय वाढेल तसे ते आपोआप उतरत जाते. त्यामुळे अशा शिक्षेचा मोठा हिस्सा एरवीही थांबले असते अशा, उतारवयाकडे झुकलेल्या माणसांना पोसण्यात जातो. 2012 मध्ये मतदारांनीच त्या कायद्याची धार कमी केली.

भारतीय कायद्यात पुनरपराधासाठी वाढीव शिक्षेची तरतूद 1860 च्या दंडसंहितेपासून (कलम 75) आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 13 मध्ये ती कायम आहे. महाराष्ट्रात प्रत्यक्ष वापर मात्र शिक्षेपेक्षा प्रतिबंधक कारवाईचा अधिक होतो. चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेण्याची कारवाई ‘चॅप्टर केस’ म्हणून ओळखली जाते. 1951 च्या पोलीस अधिनियमाखालील हद्दपारी, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘तडीपारी’, दोन वर्षांपर्यंत असू शकते. 1981 च्या ‘एमपीडीए’ कायद्याखाली खटल्याविना एक वर्षापर्यंत स्थानबद्धता होऊ शकते. 1999 च्या ‘मोक्का’ या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यासाठी मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रांची न्यायालयाने दखल घेतलेली असणे पुरते, दोषसिद्धीची अट नाही. फौजदारी खटल्यात आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य एरवी गैरलागू मानणारी न्यायव्यवस्था प्रतिबंधक कारवाईत नेमक्या त्याच गोष्टीवर विसंबते, हा यातील अंतर्विरोध आहे. तडीपारीबाबत तर साधा व्यावहारिक प्रश्नही उरतो : एका जिल्ह्याने बाहेर काढलेला माणूस शेजारच्या जिल्ह्यात राहायला जातो, आणि तेथे त्याला ना घर असते, ना काम, ना ओळख देणारे कोणी. हा असाधारण उपाय असून तो जपून वापरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात बजावले.

‘सवयीचा गुन्हेगार’ या कल्पनेला महाराष्ट्रात एक जुनी आणि कडवट बाजू आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. 1911 आणि 1924 मध्ये त्याचा विस्तार झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत या कुटुंबांना ठेवले जाई, पुरुषांना आणि स्त्रियांना कापडगिरण्यांत कामाला जाता येई, पण हजेरी चुकवणे हाच गुन्हा होता. म्हणजे ज्याने कधी चोरी केली नाही, तोही गावाला विनापरवाना गेल्याने ‘पुन्हा’ गुन्हेगार ठरू शकत होता. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. सोलापुरातील तो भाग मात्र अजून ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. जमातीऐवजी व्यक्तीवर रोख ठेवणारे सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे राज्याराज्यांत आले, मुंबई राज्याचा 1959 मध्ये. पण संशयाची सवय जुन्याच वस्त्यांकडे वळत राहिली. तुरुंगांतील जातिभेदाविषयी मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी केलेल्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमांतील ‘सवयीचा गुन्हेगार’ या शब्दप्रयोगाच्या अशा सैल वापराला आळा घातला.

शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसाच्या दृष्टीने सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे निर्णायक असतात. अटकेच्या दिवशी जमा केलेले कपडे, थोडी साठलेली मजुरी आणि सुटकेचा दाखला एवढ्या ऐवजावर तो फाटकाबाहेर पडतो. ओळखपत्रांचे पत्ते जुने झालेले असतात, भाड्याची खोली गेलेली असते, काम देणारा चारित्र्य पडताळणी मागतो आणि वस्तीत चोरी झाली की पहिली चौकशी त्याच्याकडे होते. त्याला विनाअट स्वीकारणारे लोक बहुधा आत भेटलेलेच असतात. ‘टाटा सामाजिक विज्ञान संस्थे’चा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून मुंबईत याच टप्प्यावर काम करत आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 1 मे 2022 रोजी येरवडा कारागृहात सुरू केलेली ‘जिव्हाळा’ योजना शिक्षाधीन बंद्याला 7 टक्के व्याजाने 50,000 रुपयांपर्यंत कर्ज देते; मुलांच्या फीसाठी किंवा वकिलासाठी घरच्यांना सावकाराकडे जावे लागू नये हा तिचा हेतू आहे. रक्कम लहान असली, तरी बंद्याच्या घराला खर्चाचा भागीदार मानणारी ही तरतूद तिच्या आकारापेक्षा महत्त्वाची आहे.

घराचा हा धागा याहून आधी औंध संस्थानाने ओळखला होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन (भारतानंद) यांच्या प्रयत्नांतून आटपाडीजवळ 1939 मध्ये स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. तेथे बंदी भिंतीआड न राहता कुटुंबासह राहतात आणि शेती करतात. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेला आणि व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) हा चित्रपट जगभर गाजला, वसाहत मात्र लहानच राहिली.

तुरुंगाआधीच्या पर्यायांत 1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम जुना, पण दुर्लक्षित आहे. परिवीक्षा म्हणजे शिक्षा न देता, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, बंधपत्रावर मुक्त ठेवणे. या कायद्याखाली सुटलेल्यावर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही लागत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने 5,000 रुपयांहून कमी किमतीच्या चोरीसाठी, वस्तू वा तिचे मूल्य परत केल्यास, सामुदायिक सेवेची शिक्षा आणली. मात्र ती प्रथमच दोषी ठरलेल्यालाच मिळते आणि दुसऱ्या दोषसिद्धीला किमान एक वर्षाचा सश्रम कारावास आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेला न्यायाधीन बंदी कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर सुटू शकतो, परंतु ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत त्याला या कलमाचा लाभ नाही. किरकोळ चोऱ्यांचे तीन खटले अंगावर असलेला, एकाही खटल्यात दोषी न ठरलेला तरुणही त्यामुळे या सवलतीच्या बाहेर राहू शकतो.