राखीव गड्याचें मोल

रबाळ्याच्या दक्षिणेस, नवी मुंबईच्याच नेरूळ भागांतील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २ नोव्हेंबर २०२५ रोजीं महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. शफाली वर्मा हिचें नांव मूळ संघांत नव्हतें. प्रतिका रावल जायबंदी झाल्यामुळें उपांत्य सामन्याच्या तोंडावर तिला बोलावणें गेलें. अंतिम सामन्यांत तिनें ८७ धावा काढल्या, दोन गडी बाद केले आणि भारतानें दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनीं जय मिळविला. राखीव गड्याची योग्यता किती, हा जुना वाद त्या दिवशीं निकालांत निघाला, असें कोणासही वाटेल.

परंतु मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास निराळी साक्ष देतो. पद्माकर शिवलकर हे डावखुरे फिरकी गोलंदाज. १९७३ सालीं मद्रासेस चेपॉक मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत त्यांनीं तामिळनाडूचे प्रथम १६ धावांत ८ व नंतर १८ धावांत ५ गडी टिपले. मुंबईनें सलग पंधराव्या वर्षीं करंडक राखला. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत शिवलकरांनीं एकंदर ५८९ बळी घेतले. कसोटी सामना मात्र त्यांच्या वांट्यास एकही आला नाहीं. त्याच धाटणीचे बिशनसिंग बेदी संघांत होते, आणि ६७ कसोट्यांत २६६ बळी घेणाऱ्या गोलंदाजास वगळावें तरी कसें? हरयाणाचे राजिंदर गोयल यांचीही तीच गत झाली.

अमेरिकेंतील फुटबॉलमध्यें प्रमुख गडी जायबंदी होतांच राखीव गडी त्याच सामन्यांत त्याची जागा घेतो. क्रिकेटमध्यें, डोक्यास इजा होण्यासारखे अपवाद सोडल्यास, बदली गड्यास फलंदाजी वा गोलंदाजी करतां येत नाहीं. त्याचें नशीब नाणेफेकीपूर्वींच ठरतें, आणि तें ठरविणारे हात दुसऱ्यांचे असतात.

म्हणून केवळ मिळालेल्या संधीवरून राखीव गड्याचा कस लावणें न्यायाचें नाहीं. संधि येवो वा न येवो, आपली विद्या त्यानें किती ताजी ठेवली, हेंच पाहिलें पाहिजे. २०१७ सालीं भारतीय क्रिकेट नियामक मंडळानें शिवलकर व गोयल या दोघांस सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. तो याच मोलाचा उशिरां झालेला स्वीकार होता. ३ मार्च २०२५ रोजीं शिवलकर निवर्तले. त्यानंतर आठ महिन्यांनीं नेरूळच्या मैदानावर शफालीस जें दार उघडलें, तें त्यांच्यासाठीं अखेरपर्यंत बंदच राहिलें. पण चेपॉकचे ते तेरा बळी कोणाच्या निवडीची वाट पाहत थांबले नव्हते.