वज्र गिळणारी देवी आणि तिचे किल्ल्यासारखे देऊळ

शहापूर-मुरबाडकडच्या बहुतेक गावांत वेशीजवळ शेंदूर लावलेली एखादी शिळा आढळते. ती गावदेवी. रोगराई, वाघ, अवर्षण यांपासून गाव राखणे हे तिचे काम, आणि तिची सत्ता गावाच्या शिवेपर्यंतच. पण याच मुलखात तानसेच्या काठी एक रक्षणकर्ती देवी अशी आहे, जिच्या कथेत एक युरोपीय साम्राज्य येऊन जाते. आजचा धागा तिच्याविषयी.

तानसा हे नाव मुंबईकरांना धरणामुळे ठाऊक असते. शहापूर तालुक्यातले ते धरण १८९२ साली पूर्ण झाले. धरणाखाली हीच नदी पश्चिमेकडे भिवंडी तालुक्यात उतरते. तेथे वडवली गावी, मंदागिरी टेकडीच्या पायथ्याशी, वज्रेश्वरीचे मंदिर आहे.

आधी पुराणकथा. कलिकल नावाचा असुर या प्रदेशातील ऋषींना छळू लागला. वसिष्ठांच्या नेतृत्वाखाली देव आणि ऋषींनी देवीला प्रसन्न करण्यासाठी त्रिचंडी यज्ञ मांडला. त्यात इंद्राला आहुती दिली गेली नाही. अपमानित इंद्राने यज्ञावर वज्र फेकले. सगळे भयभीत होऊन देवीला शरण गेले. देवी प्रकटली, तिने ते वज्र गिळून टाकले, इंद्राचा गर्व उतरवला आणि असुरांचाही संहार केला. पुढे रामाच्या विनंतीवरून ती वडवलीत वज्रेश्वरी या नावाने राहिली.

या कथेतली एक गोष्ट सहज निसटते. देवीचे नाव असुरवधावरून पडलेले नाही. ते देवराजाच्या शस्त्रावरून पडले आहे. संकट बाहेरून आले तसे आपल्याच पक्षातल्या रुसलेल्या सत्ताधीशाकडूनही आले, आणि नावात स्मरण राहिले ते दुसऱ्याचे. मला ही कथा आवडते ती यासाठीच.

परिसरात अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. त्यांतले ऊन पाणी म्हणजे मारलेल्या असुरांचे रक्त, असे सांगतात. टेकड्यांची माती ही परशुरामाने केलेल्या यज्ञाची राख, अशीही एक समजूत आहे. भूशास्त्राप्रमाणे येथला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि ऊन पाणी भूगर्भातील भेगांतून वर येणारे. आग मात्र दोन्ही कथनांत आहे!

आता इतिहासाकडे वळू. देवीचे मूळ स्थान वडवली नव्हे. ते येथून सुमारे ५ मैल उत्तरेला, वाडा तालुक्यातील गुंज येथे होते. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षे वसईवर त्यांचा अंमल राहिला. त्या काळात गुंजचे देऊळ उद्ध्वस्त झाले आणि देवी वडवलीला आली, असे परंपरा सांगते. म्हणजे जिने देवांना आणि ऋषींना राखले, तिलाच भक्तांनी उचलून सुरक्षित जागी आणले. अशा घटनेत देवळाचे दगड मागे राहतात. सोबत येते ती मूर्ती, तिची कथा आणि नवसाची सवय.

१७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम उघडली. साष्टी आणि ठाणे लवकर हाती आले. वसई मात्र येईना. समुद्र, दलदल आणि भक्कम बुरूज यांपुढे पेशवे बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा अडले होते. वडवली परिसरात तळ असताना त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला, असे सांगतात: वसई मिळू दे, तुझे देऊळ किल्ल्यासारखे बांधीन. काही कथांत देवी त्यांच्या स्वप्नात येऊन किल्ला घेण्याची युक्तीही सांगते. प्रत्यक्षात तट फोडले ते सुरुंगांनी, आणि हजारो मराठे त्यात कामी आले. एवढी माणसे पडत असताना सेनापतीने देवीपुढे हात जोडले असतील, यात अविश्वसनीय काय आहे?

मे १७३९ मध्ये वसई शरण आली. पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले गेले, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहात होती. विजयाच्या गोंगाटात हे कलम बहुधा सांगायचे राहून जाते.

नवस फेडण्याचे काम वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकडे आले. आज आपण पाहतो ते देऊळ खरोखरच गढीसारखे आहे: भोवती दगडी तट, पुढे नगारखाना, वर चढायला ५२ पायऱ्या. त्यांपैकी एका पायरीवर कासव कोरलेले आहे, त्याला कूर्म मानून पुजतात. पायऱ्या आणि दीपमाळ नाशिकचे सावकार नानासाहेब चांदवडकर यांनी बांधवल्या, तर नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांचा. गाभाऱ्यात वज्रेश्वरीसोबत रेणुका आणि कालिका याही आहेत. ही कालिका म्हणजे ग्रामदेवता. तटाआड थाटात बसलेल्या देवीने गावदेवीला शेजारीच जागा दिली आहे.

मुरबाडकरांसाठी एक जाता जाता. तुमच्या सिद्धगडाच्या रानाला लागून वर भीमाशंकर आहे. तेथे टांगलेली मोठी पोर्तुगीज घंटा याच वसई मोहिमेची आठवण म्हणून दाखवतात. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर आणि मेणवलीचा घाट येथेही अशाच घंटा आहेत. चर्चच्या घंटा देवळांत वाजू लागल्या, आणि वाजत राहिल्या.

वज्रेश्वरीची मोठी यात्रा चैत्र अमावास्येला भरते. त्या रात्री दिवे लावून देवीची पूजा होते. दुसऱ्या दिवशी पालखी निघते आणि देवी, तिच्यासाठी बांधलेला तट ओलांडून, लोकांत येते.